बस्त्याच्या गादीवरचा वाद

माझा धंदा काय, असं कुणी विचारलं की मी आधी खुर्ची पुढे ओढतो. एका वाक्यात तो सांगता येत नाही, आणि आला असता तरी मी सांगितला नसता. माझी बायको मात्र एका वाक्यात सांगते, "दोन इंटरनेटवाले भांडले की हे मधात जाऊन बसतात." त्यात चूक एवढीच की मी भांडण होण्याआधी जातो. निदान गिऱ्हाइकाला तसं पटवतो.

गोष्ट साधी आहे. यवतमाळात बसलेला एक जण मोठ्या कंपनीकडून इंटरनेटची जाड लाइन विकत घेतो आणि तालुक्यापर्यंत पोचवतो. तिथला दुसरा तीच लाइन खांबाखांबावरून घराघरात नेतो, महिन्याचे पैसे गोळा करतो, माकडांनी वायर तोडली की शिडी घेऊन पळतो. मिळकतीत दोघांचा वाटा. आता गंमत अशी की चालू कनेक्शनं किती, हे दोघांनाही आपापल्या परीनं पक्कं माहीत असतं आणि दोघांचा आकडा कधीच सारखा नसतो. मी विकतो ते सॉफ्टवेअर दोघांचे आकडे समोरासमोर बसवतं. जुळले तर हिरवी रेघ, नाही जुळले तर लाल. हिरवी आली की दोघांनी ‘मान्य’ असं बटण दाबायचं. झाला हिशेब.

मोठ्या शहरांत हाच माल थंडगार हॉलमध्ये, पडद्यावर चित्रं दाखवून विकतात म्हणे. तिथले भागीदार एकमेकांची तोंडंही पाहत नाहीत. माझा बाजार निराळा. वणीतलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, राजूरमधला कोळशाच्या धुळीनं काळा पडलेला कीबोर्ड, पुसदला आलुबोंड्याच्या गाडीजवळचं बाकडं. इथे चित्रांनी भागत नाही, इथे नाटक लागतं. मी खिशातून पांढरी टोपी काढतो. टोपी घातली की मी तालुक्याचा भागीदार, काढली की यवतमाळचा.

टोपी काढून, "काहून बे, एवढेच कनेक्शन कसे? बाकीचे काय चिमण्यांनं खाल्ले?"

टोपी घालून, "बंद पडले त्याले मी काय करू? तुमची लाइन दिवसातून चारदा मरते!"

शेवटी दोघंही छाती पिटतात, "मले कमी भेटलं!" मग मी लॅपटॉप गर्रकन फिरवतो, हिरवी रेघ दाखवतो आणि वाकून नमस्कार करतो. काही गिऱ्हाइकं सॉफ्टवेअर घेत नाहीत, पण नाटक बघायला पुन्हा बोलावतात. तरी माझी तक्रार नाही. चहा त्यांचाच असतो.

त्या नाटकाला एकच पाया होता, भागीदार जास्त मागतो. भागीदार कमी मागतो असा प्रवेश मी कधी बसवलाच नव्हता. तो मला एका कापड दुकानात बघायला मिळाला, आणि तोही फुकटात नाही.

माझी दोन जुनी गिऱ्हाइकं आहेत, म्हणजे आधी मित्र. एक यवतमाळचे, लाइन आणणारे. उंच, आवाज मोठा, रागावले की चष्मा काढतात. दुसरे ढाणकीचे, लाइन घरोघर नेणारे. बुटके, तोंडात कायम सुपारी, रागावले की गप्प होतात, आणि ते जास्त वाईट. दोघांची भागीदारी मीच जुळवलेली. हिशेब तोंडी. महिन्यातून एकदा ढाणकीवाले यवतमाळला यायचे, दोघं एकमेकांना मन लावून शिव्या द्यायचे, मग एकत्र जेवायचे. इतकी निरोगी भागीदारी मी दुसरीकडे पाहिली नाही.

कॉम्प्युटरवर मात्र पुढची पिढी. यवतमाळला यांचा मुलगा, ढाणकीला त्यांची मुलगी. लाइन गेली की ती फोन करायची, तो उचलायचा. पुढेपुढे लाइन गेली नसली तरी फोन यायला लागले. मी दोन्ही दुकानांत बसून चहा पिणारा माणूस, हे माझ्या नजरेतून कसं सुटणार? जात एक, शेती तोलामोलाची, दोघं शिकलेली. मी दोन्ही घरी शब्द टाकला. "माझ्याच डोक्यात आलं," असं सांगून टाकला, त्यामुळे मुलांची अब्रू राहिली आणि माझी वाढली. साक्षगंध झालं. साखरपुड्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. मी पुढच्या रांगेत बसून दोनदा जेवलो.

आणि तिथून पंचाईत सुरू झाली.

व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात, आणि इवायाकडे हिशेब मागणं म्हणजे त्याच्या ताटातली पोळी मोजणं. साक्षगंधानंतर ढाणकीवाले पहिल्यांदा यवतमाळला आले तेव्हा शिव्या नाहीत, आवाज नाही. "इवाईबुवा, कसं काय?" "सगळी कृपा." दोघंही खुर्चीच्या टोकावर बसलेले. हिशेबाचा विषयच नाही. पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी यवतमाळवाल्यांना विचारलं तर ते दचकले. "हिशोब? इवायाले? पागल झाले का तुमी?"

तेवढ्यात वरच्या मोठ्या कंपनीनं अट घातली. लाइन वाढवून पाहिजे असेल तर भागीदारांचा दर महिन्याचा हिशेब सॉफ्टवेअरमधून, दोघांच्या मान्यतेनं झाला पाहिजे. दोघंही माझ्याकडे आले, वेगवेगळे, आणि दोघंही एकच बोलले, "भाऊ, मशीनच इचारते तर इचारू द्या. आपल्याले तोंडानं मांगाचं काम नाई."

माझ्या आयुष्यात एवढी सोपी विक्री झाली नव्हती. पण मध्यस्थाचा जीव म्हणजे काय, हे ज्यांनी सोयरीक जुळवली त्यांनाच ठाऊक. जुळली तर देवानं जुळवली, मोडली तर मध्यस्थानं मोडली. आता तर माझी त्याच दोन घरांत दोन जुळवलेली कामं, सोयरीक आणि भागीदारी, आणि वरून माझंच सॉफ्टवेअर. एक धागा सुटला की तिन्ही उसवणार, आणि त्या उसवणीत ती दोन पोरं सापडणार.

आकड्यांच्या पहिल्या जुळणीचा दिवस यवतमाळवाल्यांनी ठरवला. "बस्त्याच्याच दिवशी करून टाकू. दिवस चांगला हाये, दोघंही एका जागी असू." बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. दोन्ही घरची माणसं एका दुकानात बसतात, आणि नवरीच्या शालूपासून मध्यस्थाच्या शर्टपीसपर्यंत सगळं तिथे निघतं. ढाणकीवाल्यांनीही मान डोलावली, आणि मीही डोलावली. आणखी एक गोष्ट झाली जिचं मला तेव्हा फक्त कौतुक वाटलं. आकडे भरायचं काम मुलांचं, पण पहिल्या वेळी दोन्ही वडील म्हणाले, "पयले आकडे मीच भरतो. शुभ काम हाये." दोघांनी आपापल्या मुलांना बाजूला बसवून, एकेका बोटानं, आकडे भरले.

बस्त्याच्या दिवशी ढाणकीहून दोन गाड्या भरून माणसं आली. यवतमाळच्या कापडबाजारातलं जुनं दुकान, पांढऱ्याशुभ्र गाद्या, लोड, वर पंखे. एका बाजूला मुलीकडचे, एका बाजूला मुलाकडचे, मधल्या पट्ट्यात साड्यांचा महापूर. मी बरोबर मधोमध, कारण माझी जागाच ती. दुकानदार शेठनं माझ्यासाठी निळ्या चौकड्याचं कापड निवडून माझ्या मांडीवर ठेवलं होतं. मुलीनं राणी रंगाच्या शालूचा पदर खांद्यावर घेऊन आरशात बघितलं. मुलगा तिच्याकडे न बघता आरशाकडे बघत होता, म्हणजे तिच्याकडेच. अजून काही फाडलेलं नव्हतं. कापड फाडेपर्यंत बस्ता बस्ता नसतो, तोवर नुसतं बघणं.

आणि दोन फोन एकदम वाजले.

यवतमाळवाल्यांनी वाचलं. ढाणकीवाल्यांनी वाचलं. दोघांच्या फोनवर अक्षर न अक्षर एकच मजकूर, ‘आपल्या भागीदाराने आपल्या हिशेबावर वाद नोंदवला आहे. आपले म्हणणे मांडा.’

आकडे जुळले नाहीत की सॉफ्टवेअर स्वतःच असा संदेश दोघांना पाठवतं. कुणी काही नोंदवलेलं नसतं. आधी हा संदेश इंग्रजीत यायचा. आपल्या लोकांना कळावं म्हणून मीच कंपनीच्या मागे लागून तो शुद्ध मराठीत करून घेतला होता. इंग्रजीत असता तर दोघांनी ‘आली एखादी जाहिरात’ म्हणून खिशात टाकला असता. मराठीचं भलं करायला गेलो आणि मराठी माझ्या अंगावर आली.

यवतमाळवाल्यांनी चष्मा काढला. ढाणकीवाले गप्प झाले. मला दोन्हीचा अर्थ माहीत होता.

"इवाईबुवा," यवतमाळवाले दबक्या आवाजात म्हणाले, म्हणजे ते फक्त रस्त्यापर्यंत ऐकू गेलं, "वाद कराचाच होता तं घरी बोलाचं होतं. बस्त्यात कायले?"

"वाद म्या केला?" ढाणकीवाले म्हणाले. "माह्या फोनवर तं तुमचं आलं."

"भाऊ, तुमी सांगा!" दोघं माझ्याकडे वळले.

मी मांडीवरचं कापड गादीवर ठेवून उभा राहिलो, घसा खाकरला, हात पसरले. आयुष्यभर ज्या क्षणासाठी तालीम केली तो क्षण. "त्याचं असं आहे, की सॉफ्टवेअरमध्ये तफावत आली म्हणजे..."

"तफावत!" यवतमाळवाले ओरडले. "म्हंजे कोनीतरी खोटे आकडे भरले!"

इथे नाटक माझ्या हातून गेलं. मुलीची आत्या उठली. धिप्पाड बाई, ढाणकीच्या बाजारात तिनं हाक मारली तर बैल थांबतात. "चाला, उठा वो. आमच्या भावाले चोर म्हनते अन् आमी साड्या पाहू? कुठं गेल्या माह्या चपला?" तिच्यामागे मावशी उठली, मावशीमागे काकू. मुलीनं पदर खांद्यावरून काढला नाही, पण तो धरलेला हात खाली आला. मुलाचा चेहरा लाइन गेल्यावर मोडेमचा होतो तसा झाला, एकही दिवा नाही.

बस्ता अर्धवट टाकून उठलेली मंडळी परत त्या गादीवर बसलेली मी पाहिलेली नाही. मी दारात जाऊन आत्याच्या चपलांवर उभा राहिलो. अक्षरशः. दुसरा उपायच सुचला नाही.

"चोर?" ढाणकीवाल्यांचं मौन फुटलं, आणि गप्प माणसाचं फुटतं तेव्हा धरण फुटतं. "मी चोर? अवो, माह्याकडचे कितीक कनेक्शन बंद पडले. लोक कामाले बाहेर गेले, घराले कुलूप हाये. तरी म्या एकही कमी दाखवलं नाई! सारे चालू दाखवले. कायले? उद्या तुमच्या घरचे म्हनतीन, पोरगी दिली अन् हात आखडला! कुलपाच्या घराचा वाटा म्या माह्या खिशातून द्यायले काढला, अन् तुमी वाद नोंदवता!"

"अन् मी?" यवतमाळवाल्यांनी हातातला चष्मा हवेत नाचवला. "तुमच्या पोरीच्या मामाचं कनेक्शन, आत्याचं, काकाचं, साऱ्या सोयऱ्यांचे नावं म्या माह्या हातानं काढले! एकाचाही वाटा धरला नाई! इवायाच्या सोयऱ्याचे पैसे इवायापासून घेऊ का मी? मले लाज नाई का? अन् वरून तुमीच वाद..."

ते थांबले.

चपला शोधणारी आत्या वाकलेलीच राहिली. "माहं बी काढलं?" तिनं खालूनच विचारलं.

"काढलं ना इनबाई," यवतमाळवाले विहीणबाईंना म्हणाले. आवाजातला अर्धा राग रस्त्यात कुठेतरी सांडला होता.

मुलगी वडिलांकडे बघत होती. "बाबा, म्हंजे आपन बंद घरायचेही पैसे भरनार होतो?"

मुलगा आपल्या वडिलांकडे. "अन् बाबा, म्हणून तुम्ही मला त्या दिवशी उठवून लावलं? मला वाटलं, मला येत नाही म्हणून."

एकानं जास्त दाखवलं, एकानं कमी. एकाला द्यायचे जास्त, दुसऱ्याला घ्यायचे कमी. लाल रेघ येणारच. मी चपलांवरून उतरलो. सगळ्यात आधी हसली ती मुलाची आई, इतका वेळ साड्यांच्या ढिगाऱ्यामागे बसलेली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मग मावशी, मग दुकानातली पोरं.

पण तुम्हाला वाटेल संपलं. माझंही तेच मत होतं. दोन इवायांचं नव्हतं.

"मी नावं परत टाकनार नाई," यवतमाळवाले म्हणाले. "काढले म्हंजे काढले."

"मंग मीही कमी करनार नाई."

"घेतच नाई मी."

"देतोच मी. पाहतो कसे घेत नाई."

"असं? माह्या घरात येऊन मले देता?"

"दुकान हाये हे, तुमचं घर नोय!"

आवाज पुन्हा चढला. मी खिशातून टोपी काढली, पण कुठल्या बाजूचा संवाद म्हणायचा तेच कळेना. ज्या भांडणात दोघंही कमी मागतात त्यात मध्यस्थानं कुणाला समजवायचं? आत्यानं पुन्हा चपलांकडे पाहिलं, या वेळी नुसतंच, सावधगिरी म्हणून.

तेव्हा गल्ल्यावरून शेठ उठले. साठी उलटलेला माणूस, सगळं बघत होता. गादीवर आले, हाताशी जे कापड सापडलं त्याला कात्रीनं टचकन काप दिला आणि दोन्ही हातांनी चर्र करून फाडलं. तो आवाज सगळ्या दुकानात गेला.

"कपडा फाड दिया," शेठ म्हणाले. "आता वापस नाही होत, भाऊसाहेब. बस्ता सुरू झाला. बसा सगळे. चहा येऊन राह्यला."

सगळे बसले. खरंच बसले. फाडलेल्या कापडापुढे आमच्याकडे कुणी बोलत नाही. फक्त आत्या म्हणाली, "पयलं देवाचं फाडाचं असते वो! हे कोनाचं फाडलं?"

मी शेठच्या हातातल्या कापडाकडे पाहिलं. निळा चौकडा होता. देवाच्या आधी, नवरीच्या आधी, माझं शर्टपीस फाडलं होतं.

त्यानंतरचं हसू चहा येईपर्यंत टिकलं, आणि चहा आल्यावर तो पिता येईना म्हणून आणखी टिकलं. ढाणकीवाल्यांची सुपारी घशात गेली आणि यवतमाळवाल्यांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या, साक्षगंधाआधी मारायचे तशा, जोरात.

मुलीनं चहाचा कप बाजूला ठेवला. "मानपान लग्नात करा ना बाबा. याच्यात जे हाये तेच टाका." तिनं वडिलांच्या हातातून फोन घेतला, कुलपाची घरं एकेक बंद केली. पलीकडच्या गादीवर मुलानं आपल्या वडिलांचा फोन घेऊन मामाला, काकाला आणि आत्याला परत यादीत बसवलं. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, पण एकमेकांना सांगत होते. "तुमचं झालं?" "एक राहिलं. आत्याचं." "मग टाका." रेघ हिरवी झाली तेव्हा मी बघितली, आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांत इतक्या हिरव्या रेघा दाखवल्या, पण माझाच जीव भांड्यात पडला असा एकदाच.

राहिलं ते ‘मान्य’चं बटण. "तुमी पयले दाबा, इवाईबुवा." "नाई, मान तुमचा." "तुमी मोठे." "पोरगा तुमचा." मी टोपी खिशात ठेवली आणि त्यांना दाबू दिलं नाही. दोन्ही फोन पोरांच्याच हातात होते. त्यांनी दाबले. कोण आधी, ते मी विचारलं नाही.

लग्न झालं. आता ढाणकीची लाइन गेली की यवतमाळातून आधी सुनेचाच आवाज येतो, आणि तिच्यापुढे दोन्ही वडील घाबरतात. महिन्याच्या महिन्याला आकडे खरे येतात, आणि शिव्याही परत सुरू झाल्या आहेत, म्हणजे सगळं ठीक. संदेशातला ‘वाद’ हा शब्द मी कंपनीकडून बदलून घेतला. आता तिथे ‘आकडे पुन्हा बघा’ असं येतं. कंपनीतल्या माणसानं कारण विचारलं, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. त्यानं फोन ठेवला नाही, यातच त्याचं मोठेपण.

माझा निळ्या चौकड्याचा शर्टही शिवून झाला. घाईत शेठचं माप चुकलं होतं, कापड कमी पडलं. शिंप्यानं हात वर केले आणि मग माझे हात मोजून अर्ध्या बाह्यांचा शिवला. नवीन गिऱ्हाइकाकडे जाताना मी तोच घालतो. टोपीचं नाटक झालं की कुणीतरी विचारतंच, की भागीदार नेहमी जास्तच मागतो का. मग मी बाही दाखवतो.